वायनोला काय काय जमत नाही

समुद्रापलीकडून आलेल्या फिनिश, स्लोव्हेनियन खाणकामगारांनी वसवलेल्या त्या गावात थंडीच्या दिवसांत पहाटे सगळ्यांत आधी दोन इंजिनं घरघरायची. एक रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचं आणि दुसरं तायमी हिएतलाच्या गाडीचं. गाडी मुळात पांढरी. पण लोखंडाच्या मातीपुढे त्या गावात काहीच पांढरं राहत नाही, तशी तीही विटकरी झालेली. शेजारी कूस बदलून म्हणायचे, "निघाली तायमी नवऱ्याकडे," आणि पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचे.

तायमी ऐंशीच्या घरातली. चणीनं लहान, पण शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर पातेली उचलून मनगटं गड्यासारखी झालेली. त्या मनगटांना आता एकच काम उरलं होतं.

नवरा, वायनो, होममध्ये होता. होम म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांचं शुश्रूषागृह. त्याचं लांबलचक नाव फक्त बिलावर असायचं. वायनोला कंपवात. डोकं शाबूत, पण हातपाय परक्याचे झालेले. एकेकाळी ज्यानं खाणीत खोलीएवढ्या बादलीचं यंत्र दोन बोटांनी फिरवलं, त्याच्या हातातला चमचा आता तोंडापर्यंत पोचेस्तोवर रिकामा व्हायचा.

पण हे होममध्ये कोणाला नीटसं ठाऊक नव्हतं. तायमीनं ते होऊच दिलं नव्हतं.

सकाळच्या पाळीच्या पोरी यायच्या आत ती मागच्या दारानं शिरायची. वायनो जागाच असायचा. दोघं बोलत नसत. अंथरूण ओलं असलं तर ती चादर काढून आपल्याच पिशवीत कोंबायची, घरी नेऊन धुवायला. मग कोमट पाण्यानं अंग पुसणं, दाढी, स्वच्छ बनियन. शर्टाची डावी बाही आधी, कारण डावा हात जास्त ताठर, मग उजवी, मग बटणं. केसांना पाणी लावून भांग. शेवटी त्याला खिडकीपाशी बसवायचं आणि मांडीवर वर्तमानपत्र ठेवायचं. एवढं झालं की ती स्वतःचा कोट पुन्हा अंगात चढवायची आणि आत्ताच आल्यासारखी दारापाशी उभी राहायची.

केली नावाची मदतनीस पोरगी गाडा ढकलत आत डोकवायची. "गुड मॉर्निंग, स्वीटी! अगं बाई, आजपण तयार? बाकीच्यांना जरा शिकवा हो!"

वायनो हनुवटी किंचित वर करायचा. तायमी म्हणायची, "पहिल्या पाळीची सवय त्याला. उन्हं वर येईपर्यंत कधी लोळला नाही."

'स्वीटी' तिला खटकायचं, पण ती केलीला टोकायची नाही. केलीच्या गळ्यात खोल्यांची भली मोठी रांग. एक माणूस आपलं आपण आवरतो म्हणजे तेवढीच सुटका. कपडे, जेवण, आंघोळ, सगळ्यांपुढे ती तक्त्यावर 'स्वतः' असं टिपायची आणि पुढच्या खोलीकडे पळायची. शनिवारी तायमी न्हाणीघराचं दार आतून लावून घ्यायची, गरम नळ सोडून वाफ करायची. फिनिश माणसाचा शनिवार सौनाच्या वाफेशिवाय जात नाही. बर्चच्या डहाळ्यांची जुडी भिजवून ती त्याच्या पाठीवर हलकेच आपटायची. बाहेर आल्यावर सांगायची, "मी नुसती बसून होते. त्याचं त्यानंच केलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. आणि त्या मुठीच्या आत काय होतं ते तायमीलाच ठाऊक.

ती सात-आठ वर्षांची असताना आईनं तिला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गरीबघरात नेलं होतं. तिथं तिचा मामा होता. खाणीत पाय गेलेला, बायकापोरं नसलेला. त्या दिवशी नेमका पुरुषांच्या आंघोळीचा वार. फरशीवर म्हातारे रांगेत उभे, आणि एक माणूस घोडे धुवावेत तसा नळीनं त्यांच्यावर पाणी सोडत होता. मामानं तायमीला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "कोणाला सांगू नकोस." तायमीनं सांगितलं नाही. वायनोलासुद्धा नाही. पण त्याला होममध्ये ठेवायची वेळ आली, तेव्हा तिनं मनाशी एक गाठ मारली. ह्याला परक्या हातानं कोणी धुणार नाही, आणि धुवावं लागतं हे कोणाला दिसणारही नाही.

वायनोला मात्र तिनं एक गोष्ट सांगून ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात तो खिडकीकडे बघून म्हणाला होता, "घरी कधी?" तेव्हा ती त्याच्या शर्टाशी झटत होती. मुलांना म्हणावं तशी सहज बोलून गेली, "बटणं स्वतः लावलीस, की त्या दिवशी नेते." त्यानं मान हलवली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मार्च उजाडला की गावातले म्हातारे चर्चच्या तळघरात जमायचे. वर्षाचं करविवरण भरायला तिथं फुकट मदत मिळायची, आणि मदतीला असायचा रूडी झुपांचिच. जन्मभर खाणीच्या पगार-कचेरीत बसलेला, जाड भिंगांचा, स्लोव्हेनियन. गावातल्या प्रत्येक घरची कमाई त्याला ठाऊक, आणि बायकोच्या वाढदिवसाला कोण काय देतो तेही.

"काय गं तायमी, आलीस सरकारला घाबरून?"

"सरकारला कोण घाबरतंय? तुझ्या कॉफीला घाबरून थर्मास घरून आणलाय."

"आण की. तुमची ती डांबरासारखी कॉफी पिऊनच वायनोचे हात थरथरायला लागले असणार."

तायमी खुर्चीत टेकली. कागदांचं पाकीट तिनं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे सरकवलं. रूडी एकेक कागद उलटू लागला, तसा त्याचा चेष्टेचा सूर विरत गेला.

"हे बघ," तो म्हणाला, "होमचं बिल भरायला तू वायनोच्या निवृत्तीच्या पुंजीतून वर्षभर पैसे काढलेस. सरकारच्या लेखी पुंजीतून पैसे काढले की ती तुमची कमाई. कमाई आली की कर आला."

"पण ते पैसे माझ्या हाताला लागले कुठं? इकडून काढले, तिकडं दिले."

"तेच सांगतोय. होमचा खर्च हा औषधोपचाराचा खर्च म्हणून वजा दाखवता आला, तर कर जवळजवळ उरतच नाही. माणसाला देखभालीवाचून गत्यंतर नाही म्हणून तो तिथं असेल, तर खोलीचं भाडं, जेवणखाण, सगळं वजा होतं. पण नुसता सोयीसाठी राहत असेल तर नर्सच्या कामापुरता तुकडा वजा. बाकीच्यावर कर."

"सोयीसाठी? सोयीसाठी कोण राहील तिथं?"

"मला माहीताय गं. पण कागदाला माहीत पाहिजे ना." रूडीनं पेन उचललं. "आता सांग. वायनोला काय काय जमत नाही?"

"म्हणजे?"

"कपडे घालणं, आंघोळ, जेवण, पलंगावरून उठणं, संडासला जाणं आणि... वेळेवर थोपवून धरणं. ह्यांतल्या निदान दोन गोष्टी दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाहीत असं नर्सनं सही करून द्यायला लागतं."

तायमीनं मांडीवरची पर्स सरळ केली. "त्याला सगळं जमतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग त्याला तिथं डांबलायस कशाला? तळ्यावरचा बर्फ अजून पक्का आहे. पाठव माझ्याबरोबर मासे धरायला. भोक मी पाडतो."

ती हसली नाही. रूडीनं पेन खाली ठेवलं. होमनं पाठवलेला वार्षिक तपासणीचा कागद त्यानं तिच्यापुढे धरला. सहाही ओळींपुढे 'स्वतः'.

"तायमी, नाताळानंतर मी त्याला भेटून आलोय. त्याचा हात हातात घेतला तर पाखरू धरल्यासारखं वाटलं. त्या हातानं तो बटणं लावतो?"

"हळूहळू लावतो."

"तुम्ही फिनिश लोक शवपेटीतून डोकं काढून सांगाल, बरं चाललंय म्हणून."

"आणि तुम्ही स्लोव्हेनियन शिंक आली तरी गाव गोळा करता."

"करतो! आणि गाव सूप घेऊन येतं. तुमच्या दारात कोण येणार? तुम्ही दार उघडाल तर ना!" तो पुढं वाकला. पलीकडच्या टेबलावर कोणी ऐकू नये म्हणून आवाज उतरवला. "होमचा नियम तुला ठाऊक आहे. दोन वर्षं पदरचे पैसे भरले, की पुढं सरकारी मदतीवर त्याच खोलीत ठेवून घेतात. तुमची पुंजी तिथवर जेमतेम पोचते. ओढूनताणून. ह्यातून हा कर गेला, तर पोचत नाही. मग त्याला कुठं हलवतील?"

तायमीला माहीत होतं. मोठ्या सरोवराकाठच्या शहरात, जिथं सरकारी मदतीवरचे पलंग रिकामे असतात तिथं. उन्हाळ्यात दोन तासांचा रस्ता. हिवाळ्यात तर त्या रस्त्याला तिच्या वयाची माणसं जातच नाहीत.

"तिथं रोज जाशील तू?"

थर्मासचं झाकण तिनं उगीचच उघडलं आणि पुन्हा लावलं.

"लोरीकडं जा," रूडी म्हणाला. "ती नोंदणीकृत नर्स आहे, तिची सही चालते. पुन्हा बघ म्हणावं नीट. गेल्या वर्षीपासून हीच अवस्था आहे असं तिला दिसलं तर तसं लिहील. माझ्यापुढं नको बोलूस पाहिजे तर. पण तिच्यापुढं बोल."

लोरी ड्रोबॅक होमची मुख्य नर्स. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, खाणकामगाराचीच मुलगी. तायमीनं तिच्या खोलीत उभ्याउभ्याच सांगितलं, पायांकडं बघत, जितकं कमी सांगता येईल तितकं. लोरीनं दार लोटलं.

"मला अर्धं ठाऊक होतं," ती म्हणाली. "होमच्या चादरी कमी भरायच्या. उरलेलं अर्धं मी बघितलं नाही, कारण माणसं कमी आहेत माझ्याकडं. माझंही चुकलंच. पण तायमी, तुम्ही सांगताय म्हणून मी सही नाही करू शकत. मला दिसायला पाहिजे. आठवडाभर सकाळी येऊ नका. दुपारी या, बसा, गप्पा मारा, पण हात लावायचा नाही. पोरी काय ते टिपतील. सोमवारी मी स्वतः तपासते."

"आठवडाभर?"

"तुमच्या हातांच्या मागं ते दिसतच नाहीयेत ना आम्हाला."

पहिल्या दिवशी तायमी सवयीनं उठली, सवयीनं गाडी काढली आणि होमच्या आवारात जाऊन थांबली. इंजिन चालू ठेवून ती वायनोच्या खिडकीकडं बघत राहिली. दिवा लागला. पडद्यावर केलीची सावली वाकली, उठली, पुन्हा वाकली. वायनोची सावली कुठं दिसेना. गाडीच्या काचा तिच्या श्वासानं धुरकटल्या. मग ती घरी गेली.

दुपारी पाहिलं तर त्याच्या अंगात ढगळ पायजमा, वर कोणा दुसऱ्याचं असावं असं स्वेटर. हनुवटीवर खुंट, ओठांच्या कोपऱ्यात सकाळची लापशी वाळलेली. तिची बोटं खिशातल्या रुमालाला गेली आणि तिथंच थांबली. दारातून केली बघत होती.

"आली नाहीस," वायनो म्हणाला. आजारानं त्याचा आवाज असा झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे.

"रस्ता निसरडा होता."

"उद्या?"

"उद्यापण निसरडा असेल."

त्यानं मान डोलावली. खाणीत काम केलेल्या माणसाला निसरडा रस्ता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण तो वैतागला नव्हता. उलट डोळ्यांत काहीतरी लुकलुकत होतं. त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"सोमवारी तपासणी. लोरी म्हणाली."

"हो."

"कपडे घालून दाखवायचे." तो थांबला, श्वास गोळा केला. "सराव करतोय. पोरी गेल्या की."

तायमीला क्षणभर कळेना. मग त्यानं पांघरुणाखालून हात काढून गळा खाली ओढला. त्या स्वेटरच्या आत, पायजम्याच्या जोडीचा सदरा होता. वरचं एक बटण लावलेलं.

"मी लावलं," वायनो म्हणाला. "चौकड्यांचा शर्ट आण. घरी जायला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात आलंही होतं की वायनो, ती तपासणी घरी पाठवायची नाही, इथं ठेवून घ्यायची आहे. पण जन्मभर ज्या माणसाला तिनं उमेदीचाच घास भरवला, त्याच्या ताटातून तो काढून घ्यायला तिचा हात धजावला नाही. ती म्हणाली, "आणते."

आणि तिनं आणला. धुऊन, इस्त्री करून.

आठवडाभर तो रोज दुपारी तिला हात दाखवायचा. दोन बटणं. मग तीन. एकदा बटण तुटून पलंगाखाली गेलं, तेव्हा पोरानं दात दाखवावा तशी मोकळी जागा दाखवून हसला. तायमीनं ते घरून आणलेल्या सुईदोऱ्यानं शिवून दिलं. ते करायची बंदी नव्हती. शिवताना तिनं काज किंचित सैल केलं. मग स्वतःच्याच बोटांचा तिला राग आला. हा पास झाला तर? एक गोष्ट जमली म्हणजे पाच राहिल्या, असं ती स्वतःशी म्हणायची, आणि लगेच ध्यानात यायचं की त्या पाचही तो 'जमतात' म्हणूनच सांगणार. पोरींच्या नोंदी आठवड्यापुरत्या; गेल्या वर्षीबद्दल लोरी पुरुषमाणसाचा शब्द खोटा कसा पाडणार? त्याला इथं ठेवायचं तर त्याला हरवायला हवं, आणि हरवायला तिच्यावाचून दुसरं कोणी नव्हतं.

सोमवारी लोरी कागद घेऊन आली आणि पलंगासमोर खुर्ची ओढून बसली. तायमी कोपऱ्यात, हात मांड्यांखाली दाबून.

"वायनो, घाई नाही. शर्ट घालून दाखवता?"

वायनोनं शर्ट घेतला. डावी बाही सापडेना. हात हवेत फिरत राहिला, मानेपाशी अडकला, सुटला. तायमीच्या घशात 'डावा आधी, डावा' असं येत होतं. शेवटी बाही चढली. उजवी चढली. कपाळावर घामाचे थेंब. मग बटणं. बोटं काजाच्या आजूबाजूला माशीसारखी भिरभिरत होती. एक लागलं. दुसरं चुकीच्या काजात गेलं. त्यानं ते काढलं आणि नीट लावलं. तिसरं. लोरीचं पेन कागदावर थबकलं होतं.

"छान," लोरी म्हणाली. तिचा स्वर खरा होता. ती तायमीकडं न बघता लिहीत म्हणाली, "हळू, पण होतंय. बरं, आंघोळ?"

"स्वतः," वायनो म्हणाला. "शनिवारी."

"जेवण?"

"स्वतः."

"संडासला?"

त्यानं लोरीकडं अगदी सरळ बघितलं. "स्वतः."

लोरीनं पोरींच्या आठवड्याच्या नोंदी उलटून बघितल्या, पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तायमी?" ती म्हणाली. "असंच आहे?"

तायमीच्या आईनं चार माणसांत बापाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. बाप दारू पिऊन शुद्ध हरपलेला असतानाही नाही. तायमीनंही साठ वर्षं वायनोचा शब्द तसाच झेलला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता. त्याला खात्री होती.

"नाही," ती म्हणाली.

आणि मग बांध फुटावा तसं झालं, फरक एवढाच की तिचा आवाज चढला नाही. "आंघोळ मी घालते. तो धरून उभासुद्धा राहू शकत नाही. मी त्याला माझ्या अंगावर टेकवते. जेवण मी भरवते, पोरींची पाठ वळली की. सकाळी अंथरूण ओलं असतं. त्याला कळत नाही. चादरी मी घरी नेते. गेलं सगळं वर्ष असंच. संडासला..." तिनं नजर फरशीकडं वळवली. "संडासलाही मीच."

"आणि हा शर्ट?"

"हा एक शर्ट. तोही आठवडाभर घोकून. रोज मी घालते."

वायनोची बोटं चौथ्या बटणावर होती. ती तिथंच राहिली, थरथरत. तो फिनिशमध्ये एकच शब्द बोलला. पुरे, असा.

लोरी उठली. जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वायनो, ह्यात पास-नापास असं काही नसतं हो."

"असतं," तो म्हणाला.

कागद झाला. लोरीनं लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तायमी पुन्हा तिच्या वेळेला जायला लागली. वायनो जागा होता. तिनं कोमट पाण्याचं भांडं आणलं, तर त्यानं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

"केली येईल."

"मी आहे ना."

"केली."

तिच्या मनगटांत जोर होता. तिनं ठरवलं असतं तर ते हात सहज सोडवले असते. तिनं भांडं खाली ठेवलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं केली आली. दारातून सगळं ऐकू येत होतं. "हात वर, स्वीटी. शाब्बास. आता कूस वळू या हं. अगंबाई, ओलंच केलंय की सगळं!" वायनोचा आवाज नव्हता. त्यानंतर रोज असंच. तो तिच्याशी बोलायचा, नाही असं नाही; हवेबद्दल, परगावच्या मुलीच्या फोनबद्दल. पण तिनं चमचा उचलला की तोंड मिटून घ्यायचा.

रूडीनं हिशेब पुरा केला. होमचं वर्षाचं बिल जवळजवळ सगळंच वजा झालं, कर नावापुरता राहिला.

"सुटलीस," तो म्हणाला. "ऑक्टोबरात दोन वर्षं पुरी होतात, तिथवर पोचतेस आता. हलवत नाहीत त्याला कुठं." तिचा चेहरा बघून त्यानं पुढची चेष्टा गिळली. "आता सह्या. विवरण दोघांचं एकत्र आहे, सह्या दोघांच्या लागतात. त्याला सही करता येत नसेल तर तसा नियम आहे. त्यानं तोंडानं सांगायचं, माझ्यातर्फे तू कर म्हणून. मग तू त्याचं नाव लिहायचं, आणि पुढं 'हस्ते तायमी, पत्नी'. मी सोबत चिठ्ठी जोडतो. पण त्यानं सांगायला पाहिजे, तायमी. विचारल्याशिवाय करू नकोस."

"मी काहीच विचारल्याशिवाय करत नाही," ती म्हणाली, आणि रूडीची नजर चुकवून कागद उचलले.

दुपारी ती गेली तेव्हा वायनो खिडकीपाशी होता. बाहेर बर्फ वितळून खालची लाल माती वर आली होती. तिनं जेवायचं टेबल त्याच्यापुढं ओढलं, कागद ठेवला, पेन ठेवलं.

"रूडीनं केलंय. कर पडला नाही. तुझी सही पाहिजे."

त्यानं कागदाकडं बघितलं. मग पेनाकडं. उचललं नाही.

"मला जमत नाही म्हणालीस ना," तो म्हणाला.

"वायनो."

"चार माणसांत म्हणालीस."

"एकच होती लोरी."

"एक पुरते."

ती शेजारी बसली. मग ती म्हणाली, "तसं बोलले नसते तर तुला सरोवराकाठी हलवलं असतं. मला रोज येता आलं नसतं. म्हणून बोलले. तू पास झालास तर घरी, असं तुला वाटत होतं, ते मला कळलं होतं. तेव्हा सांगितलं नाही, ते माझं चुकलं."

वायनोच्या हाताची थरथर टेबलावर उतरली. पेन बारीक आवाज करत कडेला घरंगळायला लागलं. तिनं ते धरलं.

"तुझ्या नावानं मी सही करू? तू सांगितलंस तरच."

बाहेर कॉरिडॉरमधून केलीचा गाडा खडखडत गेला.

"कर," वायनो म्हणाला.

तिनं त्याचं नाव लिहिलं. वायनो हिएतला. पुढं रूडीनं सांगितलं होतं तसं आपलं. हात कापला नाही, ह्याचंच तिला वाईट वाटलं.

"तायमी."

"हं?"

"आता घरी नाही ना?"

त्या पहिल्या आठवड्यानंतर दीड वर्षात पहिल्यांदाच त्यानं हे सरळ विचारलं होतं. तिनं पेनाचं टोपण लावलं.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

वायनोनं मान हलवली. निसरड्या रस्त्याबद्दल ऐकून हलवली होती तशी नाही. ही खूप हळू, आणि ती थांबलीच नाही, हलत राहिली. त्याचा चेहरा वाकडा व्हायला लागला. "दार लाव," तो म्हणाला. "पोरी बघतात."

ती उठून दारापाशी गेली. "आतून लावू की बाहेरून?"

त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. तिनं आतून लावलं.